चेहरा एकाचा, नाणं दुसऱ्याचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त लंडनला आहात, ग्रीक इतिहासाचं वेड आहे, आणि अलेक्झांडरनंतर जी राज्यं उभी राहिली त्यांतल्या प्रत्येक राजाचं एकेक चांदीचं नाणं जमवायचं ठरवलंय. हा बेत बरा आहे का, सुरुवात कुठून करावी? महिन्याला शंभर-सव्वाशे पौंड बाजूला काढता येतील. इंटरनेटवर कुणीतरी अलेक्झांडरचं टेट्राड्राम, म्हणजे चार ड्रामचं मोठं चांदीचं नाणं, साठ पौंडांना लावलंय, ते घ्यावं का? आणि पुण्याला आजोबांच्या पेटीत मिनँडर या ग्रीक राजाची दोन नाणी आहेत, ती दिवाळीला गेल्यावर इकडे आणावीत का?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते, म्हणजे बाकीचं वाचून होईपर्यंत हातून काही होऊन बसायला नको. साठ पौंडांचं नाणं घेऊ नका. आजोबांची नाणी पुण्यातच राहू द्या. कारणं पुढे येतील.

पहिला प्रश्न मात्र वाटतो तेवढा सरळ नाही. मी सव्वीस वर्षं ही नाणी जमवतेय, त्यातली नऊ वर्षं एका लिलावघरासाठी नाण्यांची वर्णनं लिहिण्यात गेली. ‘प्रत्येक राजाचं एक’ हा बेत घेऊन आलेले बरेच जण मी पाहिले. वर्षभरात त्यांच्याकडे पंधरा-वीस नाणी होतात, त्यातली दोन-तीन खोटी निघतात, आणि उरलेल्यांबद्दल राजाच्या नावापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही. अडचण पैशाची नसते. प्रत्येक नाणं वेगळ्या देशाचं, वेगळ्या वजनाचं, वेगळ्या टांकसाळीचं. मग एकाकडून दुसऱ्याबद्दल काही शिकायलाच मिळत नाही, आणि नजर तयार होत नाही.

त्यात हा बेत मुळातच एका गैरसमजावर उभा आहे. नाण्यावर ज्याचा चेहरा, त्यानेच ते पाडलं, असं आपण धरून चालतो. आपल्या खिशातल्या नाण्यांवरून ही सवय लागते. या काळात ते निम्म्या वेळा खरं नसतं.

अलेक्झांडरचंच घ्या. सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लिस एका बाजूला, हातावर गरुड घेऊन बसलेला झ्यूस दुसऱ्या बाजूला, आणि अलेक्झांडरचं नाव. तो इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोनला वारला. हीच नाणी त्याच्या नावाने, त्याच चित्रांची, पुढे दोनशेहून अधिक वर्षं कुठे ना कुठे पाडली जात होती. काळ्या समुद्राकाठच्या शहरांमध्ये तर अगदी इ.स.पू. पहिल्या शतकापर्यंत. ‘अलेक्झांडरचं नाणं’ म्हणून तुम्ही जे घ्याल ते बहुधा त्याच्या मरणानंतरचंच असेल. झ्यूसचे पाय एकमेकांवर टाकलेले असतील तर ते बहुतेक मरणोत्तर, समांतर असतील तर हयातीतलं असण्याची शक्यता. शक्यताच म्हणते, कारण अपवाद दोन्हीकडे आहेत.

अलेक्झांडरचा एक सेनापती पुढे राजा झाला, लायसिमॅकस. त्याने आपल्या नाण्यावर स्वतःचा चेहरा घातलाच नाही. त्यावर अलेक्झांडर आहे, कानाशी अमोन देवाचं मेंढ्याचं शिंग वळलेला. आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामनचे राजे बरीच वर्षं घराण्याचा संस्थापक फिलेटाइरोस याचाच जाडजूड चेहरा छापत राहिले. इजिप्तमध्ये तर पहिल्या टॉलेमीचा तो पुढे आलेल्या हनुवटीचा चेहरा जवळपास पावणेतीनशे वर्षं चांदीवर टिकला. मधले डझनभर टॉलेमी एकाच चेहऱ्याआड लपलेले आहेत. सालाची अक्षरं आणि बारीक खुणा लावत बसल्याशिवाय कुठला टॉलेमी कुठला ते कळत नाही. तुम्हाला जी क्लिओपात्रा हवी आहे, तिचा स्वतःचा चेहरा असलेलं चांदीचं नाणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही.

कळस आहे फिलिप फिलाडेल्फसचा. सीरियावर राज्य करणाऱ्या सेल्युकस घराण्याचा हा शेवटच्या काळातला राजा. त्याच्या चेहऱ्याची टेट्राड्रामं बाजारात भरपूर आणि स्वस्त. त्यातली पुष्कळशी पाडली रोमनांनी, तो मेल्यावर, सीरिया त्यांचा प्रांत झाल्यावर. गाबिनियस नावाचा सुभेदार इ.स.पू. ५७ ते ५५ मध्ये सीरियाच्या राजधानीत, अँटिओकला होता, त्याच्यापासून हे सुरू झालं आणि ऑगस्टसच्या काळापर्यंत चाललं. लोकांचा ज्या नाण्यावर विश्वास बसलाय ते बदलायचं कशाला, असा सरळ व्यवहारी विचार.

तेव्हा राजा सोडा आणि टांकसाळ धरा. माझं खरं उत्तर हेच आहे.

कुठली टांकसाळ, हे तुमच्यावर आहे. संध्याकाळी भिंग घेऊन बसायला आवडतं की इतिहास वाचायला? तीन-चार महिने काहीच न घेता थांबता येतं का? मोठं, देखणं नाणं हातात हवं, की छोटंही चालेल? तुमच्या पैशांत महिन्याला एक बरं ड्राम बसेल; टेट्राड्रामसाठी तीन-चार महिने साठवावं लागेल. ड्राम म्हणजे सव्वाचार ग्रॅमच्या आसपास, टेट्राड्राम त्याच्या चौपट, सव्वासतरा ग्रॅमच्या आत-बाहेर. हे अथेन्सचं वजन, अलेक्झांडरने ते उचललं आणि बहुतेकांनी चालू ठेवलं. इजिप्तने मात्र आपलं टेट्राड्राम सव्वाचौदा ग्रॅमपर्यंत खाली आणलं, आणि बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्याला आपलं जड नाणं देऊन तिथलं हलकं घ्यायला लावलं. फरक राजाच्या खिशात.

मी तुमच्या जागी असते तर सुरुवातीचे सहा महिने अलेक्झांडरची ड्रामं घेतली असती, तीही फक्त आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, पश्चिम किनाऱ्याकडची: सार्डिस, मिलेटस, लाम्प्साकस, कोलोफोन, मॅग्नेशिया अशा टांकसाळींची. घरी परतणाऱ्या सैनिकांचे पगार चुकते करायला ती पाडली असावीत असं मानतात, म्हणून ती विपुल आहेत. चित्र सगळ्यांचं एकच, त्यामुळे फरक चटकन डोळ्यात भरतात: झ्यूसच्या सिंहासनाखालचं अक्षर, समोरची छोटी खूण, हेराक्लिसच्या गालाची गोलाई. प्रत्येक प्रकाराला ‘प्राइस क्रमांक’ असतो, मार्टिन प्राइस या अभ्यासकाच्या सूचीतला. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘पेल्ला’ या मोफत संकेतस्थळावर तो शोधता येतो. सेल्युकस, टॉलेमी आणि बॅक्ट्रियाच्या (आजच्या उत्तर अफगाणिस्तानकडच्या) नाण्यांसाठीही त्यांनी अशीच संकेतस्थळं केली आहेत. महागडे ग्रंथ नंतर घ्या.

त्यानंतर अँटिओक. इथे तुमची ‘प्रत्येक राजा’ ही हौस बरीचशी भागेल, कारण सेल्युकस घराण्याने चेहरे मात्र मन लावून काढले आणि भाऊ-भाऊ, काका-पुतणे गादीसाठी इतके भांडले की एकाच शहरातून शंभरेक वर्षांत चेहऱ्यांची रांग लागली.

माझ्या नाणी मांडायच्या ताटातलं एक दाखवते. पहिला डिमिट्रियस, अँटिओक, १६.६ ग्रॅम. पुढच्या बाजूला राजाचं डोकं, भोवती लॉरेलच्या पानांचं कडं. नाक जरा झिजलंय, पण केसांतली पट्टी आणि मानेवर सुटलेली तिची टोकं स्वच्छ आहेत. मागे भाग्यदेवता टायकी बसलेली, हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग. तिच्या आसनाचा पाय म्हणून एक पंखवाली, माशाच्या शेपटीची बाई कोरलेली आहे. ती बघायला भिंग लागतं. उजवीकडे-डावीकडे उभ्या ओळीत ‘राजा डिमिट्रियस, तारणहार याचं’. आणि अगदी तळाशी तीन अक्षरं: आल्फा, क्सी, ऱ्हो. ग्रीक अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. एक, साठ आणि शंभर मिळून १६१. सेल्युकस शक इ.स.पू. ३१२च्या शरदात सुरू झाला, म्हणजे हे वर्ष इ.स.पू. १५२-१५१.

आता ते वर्ष काय होतं बघा. हा डिमिट्रियस रोममध्ये ओलीस म्हणून वाढला, तिथून गुपचूप जहाजात बसून पळाला आणि इ.स.पू. १६२ मध्ये त्याने गादी घेतली. माझं नाणं पडलं त्याच सुमाराला अलेक्झांडर बालास नावाचा तोतया किनाऱ्यावर उतरला होता आणि शेजारचे राजे त्याला पैसा पुरवत होते. इ.स.पू. १५० मध्ये डिमिट्रियस लढाईत मारला गेला. ही चांदी बहुधा त्या लढाईच्या खर्चासाठीच टांकसाळीत गेली असणार. हे शेवटचं वाक्य माझा तर्क आहे, तारीख मात्र नाण्यावर लिहिलेली आहे. राजाचं नाव वाचून ‘झालं एक’ म्हणून पुढे गेले असते तर तळाची ती तीन अक्षरं मी पाहिलीच नसती. याच्यापुढचं नाणं बालासचं. मग दुसरा डिमिट्रियस, सातवा अँटिओकस, आकडेदार नाकाचा आठवा अँटिओकस (त्याला लोक ‘ग्रिपोस’ म्हणजे गरुडनाक्याच म्हणत), अशी रांग फिलिपपर्यंत येते. काही जागा रिकाम्या राहतील. माझ्याही आहेत.

आता साठ पौंडांचं टेट्राड्राम. झिजलेलं, खोचा पडलेलं खरं टेट्राड्रामसुद्धा लिलावात सहसा त्याच्या दुप्पट-तिपटीच्या खाली जात नाही. इतकी वर्षं रोज किंमती बघणाऱ्या लोकांच्या नजरेतून ते एक नाणं तुमच्यासाठी सुटलं असेल, असं समजायला कारण नाही.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे, ती शिकून ठेवा. दोन दशांशांपर्यंत दाखवणारा छोटा काटा, पाण्याचा पेला आणि दोरा. नाणं आधी हवेत तोला, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोला. तळाला, कडेला लागू देऊ नका. माझं एक अलेक्झांडर हवेत १७.०५ भरलं, पाण्यात १५.४१. फरक १.६४. १७.०५ला १.६४ने भागलं की १०.४. शुद्ध चांदी १०.४९ येते, तेव्हा हे ठीक. एका ओळखीच्यांनी असंच स्वस्तात घेतलेलं आणलं होतं: हवेत १६.६०, पाण्यात १४.८०. भागाकार ९.२. तांबं नऊच्या आसपास येतं. पुढे बोलायची गरज पडली नाही. कधीकधी असं नाणं प्राचीनच असतं, तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून त्या काळच्याच ठकाने केलेलं. पण साठ पौंडांवाला तुम्हाला ते विकत नाहीये.

या तपासणीवर फार विसंबू मात्र नका. त्याची किंमत मी मोजली आहे. सुरुवातीच्या काळात मी एक लायसिमॅकस घेतलं, त्या वेळच्या माझ्या दोन पगारांतून वाचवून. चांदी अस्सल, वजन बरोबर, काम सुंदर. मागच्या बाजूला अथेनाच्या ढालीच्या कडेला नखाएवढी एक खोच होती, मला ती आवडायची. वाटायचं, कुणाच्या तरी हातून पडलं असेल. दोन वर्षांनी दुसऱ्याच एका लिलावाच्या पुस्तिकेत लायसिमॅकस दिसलं, ढालीच्या कडेला तीच खोच, त्याच जागी. ठसा एकच असू शकतो, एका ठशातून हजारो नाणी पडतात. पण नाणं पडून झाल्यावर त्याला लागलेला मार दोन नाण्यांवर सारखा कसा येईल? कुणीतरी एका खऱ्या नाण्यावरून ठसा बनवला होता, खोचेसकट, आणि चांगल्या चांदीवर मारला होता. विक्रेत्याने दोनदा उत्तर दिलं, मग फोन उचलणं बंद केलं. ते नाणं अजून माझ्या टेबलावर असतं. नव्याने शिकणाऱ्याला मी आधी तेच हातात देते आणि काही बोलत नाही.

आणखी एक. आपल्याकडे नाणं फरशीवर टाकून खणखणीत वाजतंय का बघायची जुनी रीत आहे. इथे ते चुकूनही करू नका. दोन हजार वर्षं मातीत राहून चांदी आतून स्फटिकासारखी ठिसूळ होते. खरं नाणंच आधी तुटेल. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, रांगोळी यांपैकी काहीही लावू नका. काळपट रंग हे नाण्याचं कातडं आहे. आणि मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांनी त्यातून हिरवा चिकट थर सुटतो.

मग घ्यायचं कुठून? अशा विक्रेत्याकडून, जो नाणं खोटं निघाल्यास कितीही वर्षांनी पैसे परत देईन असं बिलावर लिहून देतो आणि नाणं याआधी कुठे, कधी विकलं गेलं ते सांगतो. लिलावात बोली लावताना बोलीवर साधारण पाचवा भाग कमिशन, शिवाय टपाल आणि बाहेरून येत असेल तर कर, हे आधी मनात जोडून घ्या. मी स्वतः जुन्या लिलावाचा दाखला असलेलं थोडं झिजलेलं नाणं घेईन, पण कालच्या कालच उगवलेलं चकचकीत नाणं सोडून देईन. तुम्ही लंडनला आहात, त्याचाही फायदा घ्या. ब्रिटिश म्युझियमच्या नाणेविभागात आधी वेळ ठरवून अभ्यासाला बसता येतं. ते समोर ताट आणून ठेवतात आणि तुम्ही नाणं कडेने धरून उचलायचं. अशा तीन दुपारी घालवल्यात तर साठ पौंडांच्या नाण्याचा फोटो बघूनच हसायला येईल.

दाखल्याचा आग्रह नुसता खोट्या नाण्यांमुळे नाही. अफगाणिस्तानात मीर झाका इथे १९९०च्या दशकात एका विहिरीतून कित्येक टन वजनाची, लाखो नाणी गावकऱ्यांनी उपसली. ती पेशावरच्या बाजारातून जगभर पांगली. कुठलं नाणं कशासोबत होतं, कुणी कधी पुरलं, हे आता कधीच कळणार नाही. मिनँडरची ड्रामं आज अलेक्झांडरच्या ड्रामांपेक्षा बरीच स्वस्त मिळतात, त्यामागे अशा विहिरी आहेत. मी माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशी तीन-चार घेतली होती, काहीही न विचारता. आज विचारते.

तर, आजोबांची नाणी. भारतात १९७२चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं त्यात येतं, आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. घरचं आहे, विकायचं नाही, फक्त माझ्याजवळ ठेवायचंय, या सबबी चालत नाहीत. शिक्षा कमीत कमी सहा महिने कैद, तीन वर्षांपर्यंत. विमानतळावर आजोबांची आठवण समजावून सांगत बसायची वेळ येऊ देऊ नका. पुण्यात ती नाणी ठेवण्यात काही गैर नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहा, आजोबांना ती कुठे मिळाली हे घरात कुणाला आठवत असेल तर तेही आजच लिहून काढा. जुनी चिठ्ठी, पुडीचा कागद काही असेल तर फेकू नका.

आणि ती नाणी काही लहानसहान नाहीत. मिनँडर म्हणजे ‘मिलिंदपञ्हो’ या पाली बौद्ध ग्रंथातला, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा मिलिंद. त्याच्या ड्रामवर एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’, म्हणजे ‘महाराज, तारणहार मिनँडर याचं’. इथे वजन अथेन्सचं नाही. हिंदुकुशाच्या अलीकडे आल्यावर या राजांनी अडीच ग्रॅमच्या आतलं हलकं ड्राम काढलं. इ.स.च्या पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी लिहून गेलाय की भडोचला अजून अपोलोडोटस आणि मिनँडर यांची जुनी ड्रामं चालतात. पुढे नहपान क्षत्रपाच्या नाण्यांवरही ग्रीक अक्षरं टिकली. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये त्याची तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतला होता. चेहरा एकाचा, नाणं दुसऱ्याचं, ते इथेही आहेच. ड्रामचं द्रम्म झालं, शिलाहारांच्या लेखांत ते भेटतं, आणि द्रम्मचं दाम झालं. दिवाळीत सवड काढून नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेचं संग्रहालय बघून या.

पुण्याला गेलात की सोनाराच्या काट्यावर नाही, नीट अशा डिजिटल काट्यावर ती दोन नाणी तोला. दोन-सव्वादोन ते अडीच ग्रॅम भरली तर ती ड्रामं. मिलिंदाने ती भरपूर पाडली, मनापासून जपा. पण एखादं साडेनऊ-पावणेदहाच्या घरात भरलं तर ते त्याचं टेट्राड्राम आहे. तसं असेल तर घासायच्या, पुसायच्या आधी मला दोन्ही बाजूंचे आणि कडेचा फोटो पाठवा.